मेघालयाच्या पोटातील पोकळीचा नकाशा

चेरापुंजी हे नाव आपणां सर्वांना शाळेतील भूगोलाच्या पुस्तकाने दिलेले आहे. जगात सर्वांत जास्त पाऊस कोठे पडतो, या एका गुणाच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढे हा मान शेजारच्या मॉसिनरामकडे गेला. तरी चेरापुंजीची दीर्घकालीन सरासरी वर्षाला ११,७७७ मिलिमीटर आहे, आणि ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तेथे पडलेल्या २६,४६१ मिलिमीटर पावसाचा उच्चांक अद्याप मोडलेला नाही. एवढे पाणी पुणे शहराच्या वाट्याला येण्यास सुमारे पस्तीस वर्षे लागतील. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने शिलाँगला जाणे झाले, तेव्हा फेब्रुवारीतील एका सकाळी मी हे गाव पाहून आलो. पाऊस नव्हता, तो त्या दिवसांत नसतोच. रस्त्याकडेच्या एका बारीक धारेपाशी प्लास्टिकच्या कॅनची लांबच लांब रांग होती आणि तिच्या शेजारी पाठीला पोर बांधलेल्या बायका उभ्या होत्या. ज्याने मराठवाड्यातील एप्रिल पाहिला आहे, त्याला त्या रांगेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आकाशाने एवढे ओतावे आणि जमिनीने काहीच राखून ठेवू नये, असे का व्हावे? जंगल तुटले, माती धुपली, उतार उभा आहे, ही उत्तरे खरी आहेत. पण अपुरी आहेत. उरलेले उत्तर त्या जमिनीच्या पोटात आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने खडकांविषयी लिहावे हा अधिकारातिक्रम वाटण्याचा संभव आहे. परंतु भूशास्त्रीय नकाशा ही केवळ भूशास्त्रज्ञाची वस्तू असते, ही समजूतच मुळात तपासून पाहावी अशी आहे. नकाशा कोणी काढला, कोणाच्या पैशाने काढला, त्यात काय दाखविले आणि काय दाखवायचे राहिले, हे प्रश्न अर्थशास्त्राचेच आहेत. आणि मेघालयात त्यांची उत्तरे माणसांनी आपल्या जिवाने दिलेली आहेत.

दोन खडकांचे पठार

गुवाहाटीहून शिलाँगकडे चढणारा रस्ता ज्या खडकावरून जातो तो फार जुना, स्फटिकी खडक होय. शिलाँग ओलांडून दक्षिणेस निघाले की पठार सपाट होत जाते आणि मग एकाएकी तुटते. खाली बांगलादेशचे मैदान पसरलेले दिसते. या तुटलेल्या कडेवर दोन निरनिराळ्या कथा एकमेकींवर रचलेल्या आहेत. दऱ्यांच्या तळाशी काळा ज्वालामुखी खडक उघडा पडलेला आहे. त्याला भूशास्त्रात सिल्हेट ट्रॅप म्हणतात. आपला दख्खनचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. सिल्हेटचा त्याहून बराच थोरला, साडेअकरा कोटी वर्षांच्या घरातला. बिहार-झारखंडकडील राजमहालच्या टेकड्या त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी आहेत. या लाव्हाच्या वर पुढे समुद्र आला, वाळू साचली, शिंपल्यांचा चुना साचला, दलदलीत कोळसा झाला. चुनखडकाचे आणि कोळशाचे हे थर आज पठाराच्या दक्षिण अंगावर, खासी आणि जैंतिया टेकड्यांत, जवळजवळ आडवे पडून आहेत.

आपल्याशी या पठाराचे एक विलक्षण नातेही आहे. चेरापुंजीच्या पायथ्याशी थेरियाघाटजवळ उमसोहरिंगक्यू नावाच्या नदीच्या काठावर, डायनोसॉरांच्या युगाचा शेवट ज्या थरात नोंदला गेला आहे तो थर उघडा सापडतो. त्या थरांचा अभ्यास करणाऱ्यांना तेथे दख्खनच्या ज्वालामुखींच्या खुणा मिळाल्या. सह्याद्रीतून जे उसळले त्याची नोंद दीड-दोन हजार किलोमीटरांवरच्या एका समुद्रतळाने ठेवली आणि तो समुद्रतळ आज खासी टेकड्यांत आहे.

लाव्हा आणि चुनखडक यांचे पाण्याशी असलेले वर्तन मात्र अगदी वेगळे. काळा कातळ पाण्याला हट्टाने अडवितो. भेगांत, सच्छिद्र थरांत थोडेथोडके साठू देतो. चुनखडक पाण्यात विरघळतो. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते, भेगेत शिरते, भेग रुंदावते. रुंदावलेल्या भेगेतून अधिक पाणी जाते आणि लक्षावधी वर्षांत तिचे भुयार होते. जमिनीवरचा ओढा एका खळग्यात शिरून नाहीसा होतो आणि मैलभर दूर दुसऱ्याच दरीत उगवतो. अशा भूमीला शास्त्रात कार्स्ट म्हणतात. खासी माणूस तिच्या गुहेला ‘क्रेम’ म्हणतो. जैंतिया टेकड्यांतील क्रेम लियात प्राह ही ३० किलोमीटरांहून अधिक लांबीची. लुमश्नाँग येथील कोत्साती-उमलावान २१ किलोमीटरांच्या आसपास. चेरापुंजीचे पाणी कोठे जाते, याचे अर्धे उत्तर या भुयारांत आहे. ते जमिनीत मुरते, पण मुक्कामाला थांबत नाही.

चुना, कोळसा आणि कवड्या

या पठाराचा पहिला ‘सर्व्हे’ भूशास्त्रज्ञांनी केलेला नाही, व्यापाऱ्यांनी केला. १७७८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट लिंडसे सिल्हेटला गेला, तेव्हा त्या जिल्ह्याचा सारा कवड्यांत वसूल होत असे. रुपयाला ५,१२० कवड्या हा भाव त्याने नोंदून ठेवला आहे. कवड्यांनी भरलेल्या कोठारांचे काय करावे या विवंचनेतील या अधिकाऱ्याला टेकड्यांचा चुनखडक दिसला आणि त्याने कंपनीच्या नोकरीबरोबरच चुन्याचा खासगी व्यापार जोरात केला. (त्या काळी यात कोणाला विसंगती वाटत नसे. आज वाटते, एवढाच फरक.) कलकत्त्याच्या इमारती सिल्हेटी चुन्याने सांधल्या गेल्या. खासी सरदारांशी पुढे जी युद्धे झाली आणि जे तह झाले, त्यांत चुन्याच्या खाणींचा उल्लेख वारंवार येतो, हे त्या काळच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्यांनी विसरू नये.

१८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास आला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली. ती का उभी राहिली? आगगाड्या आणि आगबोटी यांना कोळसा हवा होता म्हणून. ओल्डहॅमच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे खासी टेकड्यांचे सर्वेक्षण. १८५१-५२ च्या मोसमात तो या पठारावर हिंडला. त्याचा मुलगा रिचर्ड ओल्डहॅम पुढे त्याच संस्थेत आला. १२ जून १८९७ रोजी, म्हणजे पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या त्याच्या दहाच दिवस आधी, या पठाराखाली भयंकर भूकंप झाला आणि शिलाँग भुईसपाट झाले. त्या भूकंपाचा रिचर्ड ओल्डहॅमने केलेला अभ्यास जगभर गाजला. त्याच धाग्याने तो १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याच्या पुराव्यापर्यंत पोहोचला. सांगण्याचा हेतू असा की, या पठारावर विद्वत्तेची वाण कधीच नव्हती. बापाने येथे खडकांचा क्रम लावला आणि मुलाला येथल्याच हादऱ्याने पृथ्वीच्या गाभ्यापर्यंतची वाट दाखविली. परंतु सरकारी खर्चाने जो नकाशा तयार होत गेला, तो मुख्यतः ‘काय काढता येईल’ याचा नकाशा होता. कोळशाचा थर कोठे, चुनखडकाची जाडी किती, त्याची प्रत कशी, हे प्रश्न त्याने विचारले आणि चोख सोडविले. स्वातंत्र्यानंतरही प्रश्न बदलले नाहीत. विचारणारे बदलले.

यात संस्थेला दोष देण्याचे कारण नाही. भूशास्त्रीय नकाशाच्या तंत्रालाच मर्यादा आहेत. सर्वसाधारण नकाशा एकास पन्नास हजार या प्रमाणावर काढतात; म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. तीन मीटर रुंदीचे भुयार या कागदावर जेमतेम केसाएवढे होईल. शिवाय नकाशा पृष्ठभागावरचा खडक रंगाने दाखवितो: निळा रंग चुनखडकाचा असेल, तर निळ्या पट्ट्यात सर्वत्र भरीव चुनखडकच आहे असा भास होतो. प्रत्यक्षात तो खडक आतून चाळणीसारखा आहे. कारखानदार त्या निळ्या पट्ट्याला जाडीने गुणून टनांचा हिशेब मांडतो. त्या गुणाकारात पोकळी येत नाही, पोकळीतून वाहणारे पाणी येत नाही आणि त्या पाण्यावर जगणारे पलीकडच्या दरीतले गाव तर मुळीच येत नाही.

मग पोकळीचा नकाशा काढला कोणी? हौशी मंडळींनी! १९९२ पासून मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन या स्थानिक संस्थेची माणसे आणि युरोपातून येणारे गुहाप्रेमी दर हिवाळ्यात या भुयारांत उतरत आले आहेत. डोक्याला दिवा, हातात टेप, होकायंत्र, उतार मोजण्याचे लहानसे यंत्र. कमरभर थार पाण्यातून सरपटत, एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर, दिशा आणि कल लिहून घ्यायचा. दिवसाला काही शे मीटर. असे करता करता सुमारे ५०० किलोमीटर लांबीची भुयारे कागदावर आली. देशातील गुहांविषयी आज जे निश्चित ज्ञान आहे, त्यातले फार मोठे या लोकांनी स्वतःच्या रजेत आणि स्वतःच्या पैशाने मिळविलेले आहे. अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून आम्ही दीपस्तंभ सांगत आलो. तो कोणीच बांधत नाही म्हणून सरकारने बांधावा, असे पुस्तक म्हणते. येथे दीपस्तंभ हौशी लोकांनी बांधला आणि सरकारने त्याकडे पाहण्याचे कष्टही फारसे घेतले नाहीत.

क्सानची खाण

नकाशा नसण्याची किंमत काय असते, हे १३ डिसेंबर २०१८ रोजी दिसले. पूर्व जैंतिया टेकड्यांतील क्सान येथे एका कोळसाखाणीत शेजारच्या लाइटेन नदीचे पाणी घुसले आणि पंधरा मजूर आत अडकले. ही खाण ‘उंदराच्या बिळा’च्या पद्धतीची होती. जमिनीत शे-साडेतीनशे फुटांचा उभा खड्डा खणायचा, कोळशाचा थर लागला की त्याच्या जाडीएवढी, म्हणजे माणूस ओणवा होऊन कसाबसा शिरेल एवढी, आडवी भोके पाडीत जायचे. बचावासाठी आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदलाचे पाणबुडे आले, कोल इंडिया आणि आपल्याकडच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप आले. दिवसचे दिवस पाणी उपसले तरी पातळी हटेना. भोके कोठून कोठे जातात, शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खड्ड्यांशी ती कोठे मिळतात, पाणी नेमके कोणत्या वाटेने येते, हे सांगणारा एक कागदही कोणापाशी नव्हता. पंधरांपैकी दोघांचे मृतदेह हाती लागले.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अशा खाणींवर एप्रिल २०१४ मध्येच बंदी घातलेली होती, म्हणजे क्सानची खाण बेकायदेशीर होती. पण बेकायदेशीर म्हणून हात झटकणे सोपे आहे. त्या बंदीचा दावा कोणी लावला होता, ते पाहण्यासारखे आहे. तो लावला शेजारच्या आसामातील दिमासा विद्यार्थ्यांच्या संघटनेने. कारण जैंतिया टेकड्यांतील खाणींचे आम्ल पाणी कोपिली नदीतून त्यांच्या जिल्ह्यात उतरत होते. त्याच पाण्याने कोपिली जलविद्युत प्रकल्पाची लोखंडी यंत्रे गंजून गेली. खाणमालकाच्या हिशेबात न धरलेला खर्च दुसऱ्या राज्यातील वीजप्रकल्पाच्या दुरुस्तीखाती पडला. बाह्य परिणामांचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम रचूनही सापडणार नाही.

मालकीचा प्रश्न येथे येतो. मेघालयात जमीन कुळाची किंवा समाजाची असते. ‘री क्यंती’ ही कुळाच्या मालकीची, ‘री राइद’ ही सर्वांची. सहाव्या परिशिष्टाने या व्यवस्थेला संरक्षण दिलेले आहे. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखी पद्धतशीर जमीनमोजणी तेथे बहुतांश भागात झालेलीच नाही. ३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जमिनीखालच्या कोळशाचा मालक तो जमीनधारकच. मात्र खाण काढायची तर केंद्रीय खाण कायद्याप्रमाणे परवाना घेऊनच काढावी लागेल. त्यानंतर शास्त्रशुद्ध खाणकामाची भाषा सुरू झाली आणि २०२५ मध्ये त्या पद्धतीच्या पहिल्या खाणीचे उद्घाटनही झाले.

निकाल कायद्याच्या दृष्टीने सरळ आहे. आदिवासी जमातीचा हक्क मान्य झाला याचा आनंदच वाटला पाहिजे. पण कोळसा आणि पाणी यांत एक मूलभूत भेद आहे आणि तो कायद्याच्या भाषेत मावत नाही. कोळसा जेथे आहे तेथे पडून राहतो. बांधाच्या अलीकडचा माझा, पलीकडचा तुझा, असे म्हणता येते. चुनखडकातले पाणी बांध ओळखत नाही. माझ्या कुळाच्या जमिनीत खळग्यात टाकलेली घाण दोन दिवसांत तुझ्या गावाच्या झऱ्यातून बाहेर येते, आणि ती मीच टाकली हे सिद्ध करण्यास तुझ्यापाशी साधन नसते. भूजलतज्ज्ञ अशा खळग्यांत निरुपद्रवी रंग सोडून तो कोणत्या झऱ्याला उतरतो हे पाहतात. काम दिसायला पोरखेळासारखे आहे, खर्च माफक आहे. अशा नोंदींनी बनलेला नकाशा नसेल तर मालकी हक्काचा अर्थ एवढाच उरतो की, मिळकत माझी आणि परिणाम शेजाऱ्याचा.

आपले पाणाड्ये

हे सारे दूरच्या टेकड्यांतले आहे, असे समजून वाचकांनी निःश्वास सोडण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या कातळावर आहे आणि त्या कातळाच्या पोटाविषयी आपण फार जाणते आहोत अशातला भाग नाही. येथेही आरंभीचा शोध कोळशाचाच होता. भुसावळला कोळशासाठी १,२१७ फूट खोल भोक पाडले, त्यात कोळसा निघाला नाही; निघाले एकावर एक रचलेले लाव्हाचे २९ थर. फर्मर या भूशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्याच्या दृष्टीने हे थर म्हणजे सर्वस्व आहे: घट्ट कातळ, त्याखाली गावाकडे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र खडक, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा. पाणी कोणत्या थरात आणि किती, हे या क्रमावर ठरते.

माझ्या चुलत्यांनी मी शाळेत असताना कर्ज काढून विहीर खणली. जागा पाणाड्याने नारळ हातावर धरून दाखविली होती. पन्नास फुटांवर जो घट्ट काळा पाषाण लागला तो सुरुंगांना दाद देईना. कर्जाचे हप्ते विहिरीच्या खोलीपेक्षा पुढे गेले. चुलत्यांनी पाणाड्याला कधी दोष दिला नाही, नशिबाला दिला. वस्तुतः राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करीत होती, तिच्यापाशी माहिती होती. ती आमच्या शिवारापर्यंत चालत आली नव्हती, इतकेच. २०१२ पासून केंद्राने देशभर भूजलस्तरांचे नकाशे काढण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचे काम २०२३ पर्यंत पुरे केले. हे काम मोठे आहे, यात संशय नाही. परंतु कर्ज देणारा, विहीर खणणारा आणि परवाना देणारा यांपैकी कितीजण तो नकाशा उलगडून निर्णय घेतात? ज्ञान निर्माण होणे आणि ज्ञान व्यवहारात येणे यांच्यामधला हा पाणाड्या हटवायचा कसा, हा प्रश्न मेघालयाइतकाच आपलाही आहे. फरक असा की, कातळात चूक झाली तर विहीर कोरडी जाते. कार्स्टमध्ये चूक झाली तर झराच नाहीसा होतो किंवा विषारी होतो.

नकाशाचे भय

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. पहिला पोटाचा. खाणबंदीनंतर जैंतिया टेकड्यांतील मजूर, गाडीवाले, लहान दुकानदार यांचे उत्पन्न बुडाले. पठारावर शेती थोडी, उद्योग थोडे. नकाशे होईपर्यंत थांबा, असे शिलाँगच्या किंवा पुण्याच्या माणसाने सांगणे सोपे आहे. हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच नकाशाचा खर्च लहान मालकावर टाकता कामा नये. उंदराच्या बिळाची पद्धत टिकली, तिच्यामागे गरिबीचेही एक गणित आहे: थर पातळ, धारणा लहान, आणि आगाऊ सर्वेक्षणाचा खर्च एका कुळाला न परवडणारा. मोठा भांडवलदार तो खर्च करू शकतो. सर्वेक्षण ज्याचे त्याने करावे म्हटले, तर परवाने आपोआप मोठ्यांकडे जातील आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली मालकी कागदावर राहील.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नकाशा निघाला की खाण येते, असा त्या लोकांचा अनुभव आहे. पश्चिम खासी टेकड्यांत युरेनियमचा साठा सापडला आणि तेव्हापासून तेथे खाणीविरुद्ध चळवळ चालली. एका वृद्ध खासी स्त्रीने मोठी रक्कम नाकारून आपली जमीन दिली नाही, याची वृत्तपत्रांनी दखल घेतली होती. अशा गावात टेप आणि होकायंत्र घेऊन आलेला माणूस मित्र की हेर, हे गावकऱ्यांनी कसे ओळखावे? आजवरचे नकाशे काढून नेण्यासाठीच झाले, म्हणून हा संशय रास्त आहे. त्यावर उपाय एकच दिसतो. नकाशा गावाचा असावा. तो गावाच्या दरबारात, खासी आणि प्नार भाषांत, झरे आणि क्रेम यांच्या स्थानिक नावांसह टांगलेला असावा, आणि परवान्याच्या अर्जाआधी असावा.

शेवटी चुनखडकाकडे पुन्हा यावे लागते, कारण कोळसा आज ना उद्या मागे पडेल, सिमेंट मागे पडणार नाही. जैंतिया टेकड्यांत लुमश्नाँगच्या परिसरात गेल्या काही दशकांत सिमेंटचे कारखाने दाटीवाटीने उभे राहिले. क्रेमही तेथेच आहेत. लुखा नदी हिवाळ्यात निळी पडते, याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. दक्षिणेस शेला-नोंग्त्राईचा चुनखडक १७ किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्याने सीमा ओलांडून बांगलादेशातील छातकच्या कारखान्यात जातो. खाणीची जमीन जंगल होती की नव्हती, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये न्यायालयाने खाणीला अनुमती दिली. जमिनीवर उभे असलेले जंगलसुद्धा कागदावर आहे की नाही यावर जेथे एवढी वर्षे जातात, तेथे जमिनीखालच्या अंधाराची बाजू कोण मांडणार?

चेरापुंजीजवळ मॉमलूह नावाचे गाव आहे. तेथल्या चुनखडकावर सरकारी सिमेंट कारखाना उभा राहिला. त्याच गावच्या गुहेत, क्रेम मॉमलूहमध्ये, थेंबाथेंबाने वाढलेला एक लवणस्तंभ होता. त्याच्या थरांचे पृथक्करण केले तेव्हा सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून एकाएकी क्षीण झाल्याची नोंद त्यात मिळाली. जगातील अनेक प्राचीन संस्कृती ज्या काळात खिळखिळ्या झाल्या तोच हा काळ. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेने तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला अधिकृतपणे ‘मेघालयन’ हे नाव दिले, आणि २०२२ मध्ये ही गुहा जगातील पहिल्या शंभर भूशास्त्रीय वारसास्थळांत गेली. म्हणजे पुण्यात, पॅरिसमध्ये किंवा टोकियोत बसलेला प्रत्येकजण भूशास्त्राच्या हिशेबाने आज मेघालयन युगात राहतो.

त्या लवणस्तंभाचा चुनखडक म्हणून भाव काढला तर तो पोतेभर सिमेंटच्या किमतीएवढाही भरला नसता. जैंतिया टेकड्यांत असे किती स्तंभ, किती भुयारे आणि किती झरे पुढच्या परवान्यांच्या क्षेत्रात येतात, हे अर्जाबरोबर जोडलेल्या कागदांवरून आज कळत नाही. त्या अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढविणे, आणि गुहाप्रेमींनी तीस वर्षांत जमविलेली मोजमापे सर्वेक्षणाच्या नकाशावर चढविणे, या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. परवान्यांची पुढची यादी निघण्यापूर्वी त्या व्हाव्यात.